कार्बनतंतूंची गिटार आणि वैशाखाचे ऊन



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून एका स्नेह्यांनी मला मघाशी दारातच अडवले आणि विचारले, "तुम्ही युनियनची माणसे, तुमचा गिटारशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मला गिटार वाजवता येत नाही. माझी शाळा आठवीत सुटली आणि पुढचे सारे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु गेली तीस वर्षे मी सोलापुरात यंत्रमाग कामगारांत वावरतो आहे, आणि ज्या वस्तूविषयी आज बोलणार आहे ती मुळात विणलेल्या कापडाचीच वस्तू आहे. धागा, खळ, भट्टी आणि ऊन, या चार गोष्टी समजल्या की ती गिटार समजते. या चारही गोष्टी आमच्या परिचयाच्या आहेत. उन्हाविषयी तर सोलापूरच्या माणसाला कोणी काही शिकवू नये.

विषय माझ्याकडे चालत आला तो असा. काही वर्षांपूर्वी आमचा एक सभासद आपल्या मुलाला घेऊन कचेरीत आला. मुलगा लग्नसमारंभांतून वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याने कार्बनतंतूंची गिटार हप्त्याने घेतली होती. विकणाऱ्याने सांगितले होते की ही लाकडासारखी फुगत नाही, आकसत नाही, हिला ऊन-पाऊस काही लागत नाही. मे महिन्यात एका कार्यक्रमाला जाताना ती काळ्या पिशवीत घालून उघड्या टेम्पोत मागे ठेवली, आणि दुपारी बारापासून चारपर्यंत ती तशीच उन्हात राहिली. संध्याकाळी पिशवी उघडली तेव्हा तारा पडद्यांपासून वर उचलल्या गेल्या होत्या, तबली फुगली होती, आणि तारा जिथे अडकवतात त्या पट्टीखाली वहीचे पान सरकावे एवढी फट पडली होती. हप्ते मात्र अजून चौदा राहिले होते.

करारातील बारीक अक्षर आधी वाचायचे ही आमच्या धंद्यातली सवय. मी हमीपत्र मागवले. त्यात 'अति उष्णतेमुळे होणारी हानी' वगळलेली होती. अति म्हणजे किती? तो आकडा कुठेच नव्हता. विक्रेत्याला विचारले, त्याला ठाऊक नव्हते. मग तो आकडा हुडकण्यासाठी मी वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या एका आकड्याचा शोध आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. कार्बनतंतू हा ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा धागा असतो. म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहावा हिस्सा. तो आज बहुतांशी ज्या पदार्थापासून करतात तो, आपण थंडीत जे ॲक्रिलिकचे स्वेटर घालतो, त्याच कुळातला आहे. ते सूत ताणून धरून प्रथम दोनशे-तीनशे अंशांवर भाजतात, आणि मग प्राणवायू जराही शिरणार नाही अशा भट्टीतून हजार अंश सेल्सिअसच्या पुष्कळ वर तापवून काढतात. बाकीची मूलद्रव्ये बहुतेक उडून जातात आणि कार्बनची लांबच लांब साखळी मागे राहते. या धाग्याला नंतर खळ देतात. सुताला आपण देतो तशीच, ज्याला आज सगळे सायझिंग म्हणतात. पण कांजीची नव्हे, राळेची. मग तीन-तीन हजार तंतूंचा एकेक पट्टा करून ताणा-बाणा घालून तो मागावर विणतात. गिटारच्या अंगावर जी तिरपी चमकदार रेघ दिसते ती नक्षी नव्हे. ती ट्विलची वीण आहे. आपल्या ड्रिलच्या कापडाची असते तीच.

परंतु नुसत्या कापडाची गिटार होत नाही. ते कापड साच्यात थरावर थर अंथरून त्यात इपॉक्सी नावाची राळ जिरवावी लागते. घरात फुटके भांडे सांधायला आपण दोन नळ्यांतून दोन द्रव्ये घेऊन कालवतो, त्या जातीची ही राळ. एक राळ, दुसरे हार्डनर. दोन्ही एकत्र आली की त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि काही तासांत सारे घट्ट होते. तंतू ताकद देतो, राळ त्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवते. युनियनच्या माणसाला इथे एक उपमा सुचते, पण ती आपण सर्वांनी अनेक सभांतून ऐकलेली आहे, तेव्हा पुढे जाऊ.

इतिहास थोडक्यात सांगतो. कोळशाचा तंतू एडिसनने १८७९ साली दिव्यात वापरला, पण तो फार ठिसूळ होता. आजच्या अर्थाने बळकट कार्बनतंतू रॉजर बेकन या शास्त्रज्ञाने १९५८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील युनियन कार्बाइड कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रथम केले. होय, तीच कंपनी, जिच्या भोपाळच्या कारखान्यातून १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायू सुटला. एकाच छपराखाली काय काय निपजते! पुढे जपानात आणि इंग्लंडात १९६० च्या दशकात हे तंतू करण्याच्या व्यवहार्य रीती निघाल्या. वाद्यांकडे ते आले विमानांच्या वाटेने. हेलिकॉप्टर बनवणारे चार्ल्स कामन स्वतः गिटार वाजवत. त्यांनी १९६६ साली काचतंतूंच्या गोल पाठीची 'ओव्हेशन' गिटार काढली. बोस्टन सिम्फनीतले चेलोवादक लुईस लेगिया यांना होडीतून जाताना काचतंतूंच्या सांगाड्यावर आपटणाऱ्या लाटांचा नाद आवडला आणि त्यांनी एका नौका बांधणाऱ्याच्या मदतीने कार्बनतंतूंचा चेलो घडवला. आणि हवाई बेटांतील माउई येथे जॉन डेकर या अभियंत्याने जी कार्बन गिटार उभी केली तिचे नावच 'रेनसाँग', म्हणजे पावसातले गाणे. या नावातच तिचा हेतू आहे. ही गिटार मूलतः पावसावर तोड म्हणून निघाली. उन्हावर नव्हे! हे लक्षात ठेवावे.

पाऊस आणि ऊन हे वाद्याचे दोन अगदी निराळे शत्रू आहेत. लाकूड हे हवेतला ओलावा पिते आणि सोडते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलैत ऐंशीच्या वर जाते. या फरकाने लाकडाची फळी आडव्या अंगाने आकसते आणि फुगते. हातभर रुंद फळीत हा फरक काही मिलिमीटर भरतो. घरातली दारे पावसाळ्यात अडकतात ती याच कारणाने. तंबोरा-सतारीची निगा राखणाऱ्यांना हे सांगायला नको. कार्बनतंतूंच्या गिटारला हा रोग जवळजवळ नाही. तेव्हा विक्रेता 'फुगत नाही, आकसत नाही' म्हणाला, ते खरेच होते. पण ओलाव्याला न भिणारी वस्तू उष्णतेलाही भीत नाही, ही उडी त्याने मनातल्या मनात मारली, आणि गिऱ्हाइकानेही ती त्याच्याबरोबर मारली.

आता ऊन. भर दुपारी निरभ्र आकाशाखाली प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची सुमारे एक हजार वॅट उष्णता पडते. पांढरा पृष्ठभाग तिचा मोठा हिस्सा परत फेकतो, काळा जवळजवळ सगळी पिऊन टाकतो. कार्बनतंतूंची गिटार जन्मतः काळी. शिवाय तिची तबली जेमतेम दोन मिलिमीटर जाड. तिच्यात उष्णता साठवायला फार जागा नाही, म्हणून ती चटकन तापते. मी हिशेब करून पाहिला तर हवा चाळीस अंश असताना वारा नसेल तर पाच-दहा मिनिटांत असा काळा पत्रा सत्तर ते ऐंशी अंशांपर्यंत चढतो. सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. हवामानखात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. काळ्या वस्तूचा आकडा त्याच्या दुप्पटही असू शकतो. बंद मोटारीत तर सावलीतसुद्धा सुटका नाही. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली हवाच साठ अंशांच्या पुढे जाते.

या ऐंशी अंशांचे तंतूला काय? काहीच नाही. जो हजार अंशांच्या भट्टीतून जन्मला त्याला वैशाखाचे ऊन म्हणजे गारवाच. त्याची आणखी एक मौज आहे. लोखंड, लाकूड, काच, सारे तापले की वाढते. कार्बनतंतू आपल्या लांबीच्या दिशेने तापला असता किंचित आखडतो. फार थोडा, पण उलट दिशेने. त्याच्याभोवतीची राळ मात्र भरपूर वाढू पाहते. वाढू पाहणाऱ्या राळेला आखडू पाहणारा तंतू धरून ठेवतो, आणि एकंदरीत त्या पत्र्याची लांबी-रुंदी जवळपास जागच्या जागी राहते. जाहिरातीत हेच सांगतात, आणि तेवढे खरे आहे.

प्रश्न राळेचा आहे. इपॉक्सी एकदा जमली की लाखेसारखी वितळत नाही. पण वितळत नाही म्हणजे नरमत नाही असे नव्हे. प्रत्येक राळेला एक विशिष्ट तापमान असते. त्याच्या खाली ती काचेसारखी कडक असते आणि त्याच्या वर रबरासारखी लवचीक होते. शास्त्रज्ञ त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. गुळाची चिक्की थंडीत कडकन मोडते आणि उन्हाळ्यात वाकते, तोच प्रकार समजा. ती चिक्की पुन्हा गार झाली की कडक होते, पण ज्या आकारात वाकली त्याच आकारात! मुलाच्या गिटारची तबली संध्याकाळी हाताला टणक लागत होती, पण फुगलेली होती, त्याचे उत्तर इथे आहे.

मग हे तापमान कोणते? हाच मी शोधत होतो तो आकडा, आणि तो मला एकच असा मिळाला नाही. कारण तो राळेच्या जातीवर जसा अवलंबून आहे तसाच ती कशी पिकवली यावरही आहे. आंबा अढीत जितका राहील तितका पिकेल, तसे राळेचे आहे. नुसत्या खोलीच्या हवेत जमू दिलेली राळ वरकरणी अगदी टणक होते, पण तिचे नरमण्याचे तापमान पन्नास-साठ अंशांच्या घरात राहते. तीच राळ नंतर साठ-ऐंशी अंशांच्या भट्टीत काही तास ठेवली, तर रेणूंची उरलेली गुंतवण पुरी होते आणि तिची कुवत वर चढते. आणि जिथे राळ आधीच जिरवलेले कापड एकशेवीस अंशांच्या आसपास दाबाखाली पिकवतात, तिथे ती कुवत शंभराच्या पलीकडे जाते. ठोकळ नियम असा की, राळ ज्या उष्णतेत पिकली त्याच्या फार पुढची उष्णता ती सोसत नाही. त्यात ओलावा जिरला तर ही कुवत आणखी काही अंशांनी खाली येते, म्हणजे पावसाचा थोडा हात इथेही आहेच.

याचा अर्थ असा की, एकाच दुकानात शेजारी-शेजारी टांगलेल्या, सारख्याच काळ्या, सारख्याच चमकणाऱ्या दोन गिटारींपैकी एक आपल्या दुपारी तग धरेल आणि दुसरी धरणार नाही. आणि डोळ्यांना, हातांना, कानांना त्यांच्यातला फरक कळणार नाही. फरक आहे तो भट्टीतल्या तासांचा. भट्टीला वीज लागते, वस्तू थांबून राहते, जागा अडते. खर्च कापायचा झाला तर ही जागा मालकाला सर्वांत सोयीची, कारण कापलेले दिसत नाही. आमच्या धंद्यात सुताला खळ कमी दिली तर निदान मागावर धागा तुटू लागतो आणि विणकराला लगेच कळते. इथे ते कळते तीन वर्षांनी, उन्हात, हप्ते भरणाऱ्याला.

हे सारे विमानवाल्यांना फार पूर्वी उमगले होते. जर्मनीत १९५७ साली काचतंतू आणि राळेचे पहिले ग्लायडर उडाले, आणि तेव्हापासून या जातीची ग्लायडरे जवळजवळ सगळी पांढरीच रंगवली जातात. ही हौस नाही. त्यांच्या पंखांची मजबुती चोपन्न अंशांपर्यंत तापवून सिद्ध करावी लागते, आणि पंख पांढरा असेल तरच उन्हात तो त्या मर्यादेत राहील असे धरलेले असते. माणसाचा जीव टांगलेला आहे तिथे आकडा लिहिलेला असतो, रंगही ठरवलेला असतो. गिटारवर फक्त एका पोराची रोजी टांगलेली. तिथे लिहितात 'अति उष्णता'.

राळ नरमली तर तंतू मजबूत असूनही वाद्य का हरते, हे समजून घेतले पाहिजे. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्या मिळून सुमारे सत्तर किलोचा ताण देतात. म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस त्या गिटारला रात्रंदिवस लोंबकळत असतो. हा ताण तबलीच्या काही भागाला ओढतो आणि काही भागाला दाबतो. तंतू ओढ सोसण्यात पटाईत. पण दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. कडब्याची पेंढी उभी करून वरून दाबा. बंध घट्ट असतील तर ती भार घेते. बंध सैल केले तर एकेक ताट बाजूला लवते आणि पेंढी बसते, ताटे न मोडताही. राळ हा तो बंध. शिवाय तारांची पट्टी, म्हणजे ब्रिज, तबलीवर चिकटद्रव्यानेच बसवलेली असते, आणि त्या चिकटद्रव्याला स्वतःची निराळी मर्यादा असते. लाकडाच्या गिटारचीही गोष्ट याहून वेगळी नाही. सुताराचा डिंक साठ-पासष्ट अंशांच्या आसपास ढिला होतो, म्हणून बंद गाडीत राहिलेल्या लाकडी गिटारचा ब्रिज उपटून निघतो. तेव्हा कार्बन उगाच बदनाम करू नये. एवढेच म्हणायचे की या बाबतीत तो लाकडाहून आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. त्याला भट्टीने श्रेष्ठ करावे लागते.

मुलाच्या गिटारचे पुढे काय झाले, हे विचारले जाईल म्हणून सांगतो. आम्ही दुकानदाराला एकच लेखी प्रश्न पाठवला: ही राळ किती अंशांवर, किती तास पिकवली? उत्तर आले नाही. पंधरा दिवसांनी ब्रिज मात्र फुकट चिकटवून मिळाला. तबलीचा फुगवटा कायम राहिला. मुलाने ब्रिजवरची तारांखालची पातळ पट्टी घासून तारा खाली आणल्या आणि तो तीच गिटार वाजवतो आहे.

आता सुराकडे येतो. कार्बनचे अंग हलत नाही म्हणजे सूर हलत नाही, असा समज वादकांतही आहे. पण सूर अंगात नसतो, तारेत असतो, आणि तार पोलादाची असते. पोलाद दर अंशाला दर दशलक्ष भागांत बारा भाग वाढते. गिटारची तार दोन टेकूंमध्ये सुमारे पासष्ट सेंटिमीटर. वातानुकूलित खोलीतल्या चोवीस अंशांतून चव्वेचाळीस अंशांच्या मांडवात आलात, तर वीस अंशांत तार वाढेल जेमतेम ०.१५ मिलिमीटर. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण सर्वांत बारीक तार सुरात आणताना आपण तिला खुंटीने मुळात ताणलेली असते सुमारे साडेचार मिलिमीटरच. त्यातले ०.१५ गेले म्हणजे ताणाचा तिसावा हिस्सा गेला. सुराची उंची ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून सूर साठाव्या हिश्शाने उतरला. आपल्या संगीतशास्त्रातली प्रमाणश्रुती ८१ ला ८० या प्रमाणाची, म्हणजे एक-ऐंशीअंशाची. तेव्हा ही घसरण एका श्रुतीहून मोठी झाली. सभागृहातल्या कोणाही जाणत्याला खटकेल एवढी. जाड तारा सुरात असताना कमी ताणल्या जातात, त्यामुळे त्या आणखी उतरतात.

यात गंमत अशी की लाकडी दांडी उष्णतेने लांबीच्या दिशेने थोडी वाढते, तारेच्या वाढीच्या साधारण एक-तृतीयांश, आणि तेवढी तारेला साथ देते. कार्बनची दांडी जागची हलत नाही, म्हणून तारेची सगळी वाढ सुरात उतरते. अंग अधिक स्थिर म्हणून सूर अधिक घसरला! आणि त्याच मांडवात शेजारी बासरी असेल तर तिच्यातली हवा तापून तिचा सूर वर चढत असतो. उन्हाळी लग्नातला ऑर्केस्ट्रा बेसूर वाटला तर सारा दोष वादकांना देऊ नये.

उजेडाचाही एक वेगळा मार असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण राळेचे रेणू तोडतात. ती पिवळी पडते, मग भुरकट होते, हात फिरवला तर खडूसारखी पूड लागते. पण कार्बन काळा असल्यामुळे हे किरण आत शिरू शकत नाहीत. हानी वरच्या पापुद्र्यापुरती राहते, आणि तिलाही वर्षे लागतात. अतिनील किरण शोषणारे लुकण वर दिलेले असेल तर फार काळ काळजी नाही. हे लुकण उडालेले दिसले तर मात्र लवकर पुन्हा द्यावे. आणखी एक खूण अशी की, नव्या गुळगुळीत गिटारवर पहिल्या उन्हाळ्यानंतर आतल्या कापडाची वीण बोटाला जाणवू लागते. लोक घाबरतात. त्याने वाद्य मोडत नाही. पण राळ कारखान्यात पुरती पिकली नव्हती, उरलेली आपल्या दारात उन्हाने पिकवली आणि पिकताना ती आकसली, असा त्याचा अर्थ बहुधा होतो. पुढच्या उन्हाळ्यात अशी गिटार अधिक जपावी.

जाता जाता, जे हात ही राळ कालवतात त्यांच्याविषयी दोन शब्द बोललो नाही तर मी माझ्या कामाला जागलो नाही असे होईल. न जमलेली इपॉक्सी आणि तिचे हार्डनर वारंवार कातडीला लागले तर काहींना खाजरी पुरळ उठते, आणि एकदा शरीराने ती दखल घेतली की पुढे थेंबभर लागले तरी पुन्हा उठते, बहुधा जन्मभर. अशा कारागिराला तो धंदा सोडावा लागतो. जमलेली वस्तू घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना आणि डोळ्यांना वाईट. योग्य हातमोजे, नाकावर चांगला मुखवटा, धूळ ओढणारा पंखा, एवढे लागते, आणि यातले काहीही महाग नाही. पिकलेली गिटार वाजवणाऱ्याला यातला कसलाही धोका नाही, हेही स्पष्ट सांगतो. नाहीतर उद्या कोणी आपले वाद्य विकायला काढायचे.

आज बाजारात याच नावाखाली आणखी एक स्वस्त वस्तू येते. तिच्यात विणलेले कापड नसते. कार्बनतंतूंचे बारीक तुकडे प्लास्टिकमध्ये कालवून साच्यात ओतलेले असतात. काहींत तर साध्या प्लास्टिकवर विणीचे चित्र छापलेले असते. ओतीव वस्तू वाईटच असते असे नाही, पण तिचे नियम प्लास्टिकचे. सततच्या ताणाखाली ती हळूहळू सरकते, आणि उष्णतेत हे सरकणे वाढते. घेताना कोणती ते विचारावे. आणि विणलेली असेल तर तोच प्रश्न विचारावा: कितीवर पिकवली, किती तास, आणि कितीपर्यंत सोसेल? उत्तर बिलावर लिहून मागावे. देणारे देतात.

ज्यांच्या घरी अशी गिटार आहे त्यांच्यासाठी काही साधे उपाय. गिरणीतला फिटर बेअरिंग तापले की नाही ते तळहात टेकवून पाहतो, तसेच पाहावे. तळहात सुखाने टेकवता येत नसेल तर ती पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेली आहे, सावलीत न्यावी. पाणी ओतू नये, थेट पंख्याच्या किंवा कूलरच्या झोतातही धरू नये. आपली आपण निवू द्यावी. उन्हात प्रवास टळणारच नसेल तर निघण्यापूर्वी सगळ्या तारा दोन-तीन सुरांनी उतरवाव्यात. लोंबकळणाऱ्या माणसाचे वजन तेवढे हलके होते. उन्हात लावलेली तार सावलीत चढते, म्हणून मांडवात पोचल्यावर वाद्य दहा-पंधरा मिनिटे तिथल्या हवेत ठेवून मगच सुरात लावावे. गाडीच्या डिकीत ठेवायचे तर परत येईपर्यंत गाडी कुठे उभी राहणार हे आधी ठरवावे.

आणि पिशवी. दुकानातून मिळते ती बहुधा काळीच, म्हणजे काळ्या वस्तूला काळी भट्टी. ती टाकून देण्याची गरज नाही. तिच्यावरून पांढऱ्या जाड मांजरपाटाची सैल, दुहेरी खोळ शिवून घ्यावी. दोन थरांमध्ये बोटभर हवा खेळेल अशी बेताची ढगळ ठेवावी, आणि तोंड खालच्या बाजूला ठेवावे, म्हणजे वरून ऊन आत शिरत नाही. साडेतीन-चार मीटर कापड पुरते. कोणत्याही शिंप्याचे ते तासाभराचे काम आहे.